फोटो छान नको, खरा हवा

परवा नातीचा फोन आला. ती पुण्याला कॉलेजात आहे. एरवी "आजी, कशी आहेस, गोळ्या घेतल्यास का" एवढं विचारून दोन मिनिटांत फोन ठेवणारी मुलगी त्या दिवशी एकदम लाडात आली. "आजी, तुझा तो जुना डिजिटल कॅमेरा आहे ना अजून? मला देशील?"

मला आधी कळेचना. गेली कित्येक वर्षं तो कॅमेरा कपाटात शालींच्या घडीखाली पडून आहे. घरात कुणी त्याची चौकशीसुद्धा केली नव्हती. "अगं, तुझ्या फोनमध्ये त्याच्या दहापट चांगला कॅमेरा आहे ना?" तर म्हणाली, "आता त्याचीच फॅशन आहे गं. फोटो कसले भारी येतात, अगदी जुन्या काळातल्यासारखे!"

जुना काळ म्हणजे २००८! आम्ही त्याला 'परवा' म्हणतो. असो.

मी म्हटलं, देईन, पण आधी तो कसा चालतो ते माझ्याकडून शिकून घ्यायचं. त्यावर ती हसली आणि म्हणाली, "शिकायचं काय त्यात? ऑटोवर ठेवायचा आणि बटण दाबायचं."

मंडळी, या एका वाक्यावर माझा आजचा सगळा राग आहे. तो नातीवर नाही, कारण तिला हे वाक्य आपणच शिकवलं. कॅमेरे विकणाऱ्यांनी शिकवलं, फोन विकणाऱ्यांनी शिकवलं, आणि आम्ही शाळामास्तर आणि बाया गप्प बसलो.

आधीच सांगते, मी विज्ञानाची बाई नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झाले, तेही मराठी माध्यमातून. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. सरावलीत राहायला आले तेव्हा इथून बोईसर स्टेशनापर्यंत भातखाचरं दिसायची. आता दिसतात त्या चाळी, इमारती आणि तारापूर एमआयडीसीच्या शिफ्टला जाणाऱ्या रिक्षा. २००८ मध्ये निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशांतून पहिली चैन केली ती या कॅमेऱ्याची. आठ मेगापिक्सेल, तीन पट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, मुठीत मावेल एवढा.

दुकानदार सगळं आमच्या ह्यांना सांगत होता, कारण कॅमेरा घेणार म्हणजे पुरुषच घेणार! आमचे हे शांतपणे म्हणाले, "मला नका सांगू, त्यांना सांगा. पैसे त्यांचे आहेत." (आपल्याच रेल्वेलाइनवर पुढे नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळालं. हे त्या दुकानदाराला कुणीतरी सांगायला हवं होतं.) मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मॅडम, सात मेगापिक्सेलपेक्षा आठ चांगला आणि दहा त्याहून चांगला. बाकी काही बघायचं नसतं."

पहिली थाप. ही थाप कळायला मला सहा महिने लागले. कॅमेऱ्याबरोबरचं इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन वाचून काढलं तेव्हा कुठे कळलं.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. आठ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ३२६४ आणि उभे २४४८, गुणाकार साधारण ऐंशी लाख. आता आपण अल्बमात लावतो तो चार बाय सहा इंची फोटो घ्या. छपाई उत्तम हवी तर इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, बावीस लाखांच्या आत. उरलेले अठ्ठावन्न लाख ठिपके कुठे गेले? दुकानदाराच्या गल्ल्यात! शिवाय ठिपके दुप्पट केले म्हणून फोटो दुप्पट मोठा होत नाही. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट हव्या तर ठिपके चौपट लागतात. आठाचे सोळा केले की लांबी जेमतेम १.४ पट वाढते. हे सातवी-आठवीचं गणित आहे, पण विकत घेताना ते कुणी मांडत नाही.

आणि हे ठिपके बसतात कुठे? भिंगाच्या मागे एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. माझ्या कॅमेऱ्यात ती ५.८ मिलिमीटर लांब आणि ४.३ मिलिमीटर रुंद आहे. तुरीच्या डाळीचा एक दाणा घ्या, साधारण तेवढी! पूर्वीच्या रोलच्या फिल्मचं एक चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचं असायचं, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे ३५ पट मोठं. पण माहितीपत्रकावर काय लिहितात? '१/२.५ इंच'. अडीचाव्या हिश्शाचा इंच म्हणजे दहा मिलिमीटर झाले. चकतीचा कर्ण मोजला तर भरतो सात. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचनळीच्या बाहेरच्या मापावरून चालत आलेली ही भाषा आहे. म्हणजे सेन्सरचं माप म्हणून जे छापतात ते सेन्सरचं माप नव्हेच.

आता पावसाळ्यातलं आमचं जुनं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. पागोळ्यांखाली भांडी मांडून ठेवायचो. अंगण तेवढंच आहे. त्यात चार पातेली मांडलीत तर प्रत्येकात भरपूर पाणी साठेल. तेवढ्याच जागेत चाळीस वाट्या मांडल्यात तर वाट्या जास्त होतील, पण प्रत्येकीत पाणी थोडं. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक वाटी, आणि पाऊस म्हणजे प्रकाश. भर दुपारी चिंचणीच्या किनाऱ्यावर फोटो काढा, पाऊस धो धो आहे, वाट्याही भरतात. संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली काढा, थेंब थेंब. मग कॅमेरा काय करतो? आहे तेवढंच पाणी दहापट धरून हिशेब मांडतो. आयएसओ ४००, ८००, १६०० म्हणतात तो हाच प्रकार. पण पाण्याबरोबर वाटीत उडालेला कचराही दहापट होतो. फोटोत रवाळ दाणे दिसतात ते हेच. तुरीच्या डाळीएवढ्या जागेत आठाऐवजी सोळा मेगापिक्सेल कोंबले की वाट्या आणखी लहान. 'जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त चांगला फोटो' हे घरातल्या उजेडात कितीदा तरी उलट ठरतं ते यामुळे.

दुसरी थाप झूमची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'बारा पट झूम' छापलेलं होतं. त्यातली तीन पट भिंगाची, खरी. भिंगं पुढेमागे सरकतात आणि लांबचं चित्र खरोखर मोठं होऊन चकतीवर पडतं. उरलेली चार पट म्हणजे डिजिटल झूम, आणि डिजिटल झूम म्हणजे कात्री! कॅमेरा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. लांबी-रुंदी चार पट ताणायची म्हणजे सोळावा हिस्सा वापरायचा. आठ मेगापिक्सेलचे अर्धा मेगापिक्सेल उरले! घरी फोटो कापला असता तरी हेच झालं असतं, आणि मूळ पूर्ण फोटो हातात राहिला असता.

शाळेच्या स्नेहसंमेलनात तर दरवर्षी मजा बघायची. विसाव्या रांगेत बसलेले पालक फ्लॅश उडवत असायचे. या छोट्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश पोचतो तीनेक मीटर. अंतर चौपट झालं की उजेड सोळावा हिस्सा होतो. बारा मीटरवरच्या लेकीपर्यंत काय पोचणार? फोटोत पुढच्या रांगेतली टकलं मात्र लख्ख! फ्लॅश बंद करून कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवून धरला असता तर रंगमंचाच्या दिव्यांत काहीतरी मिळालं असतं. बटण अर्धं दाबून थांबायचं, कॅमेरा भिंग पुढेमागे करून चित्राच्या कडा कुठे सर्वांत स्पष्ट होतात ते शोधतो, मग पूर्ण दाबायचं, एवढंही निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. 'ऑटो' आहे ना, मग कशाला!

इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई, हे कॅमेरे तर आता गेले. खरं आहे. २०१० साली जगभरातून सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये ऐंशी लाखांच्या आत. फोनने त्यांना खाल्लं. मग मेलेल्या कॅमेऱ्यावर एवढं कशाला लिहायचं?

त्याचं कारण माझ्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे.

२०२२ साली आमचे हे गेले. एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीसेक वर्षं काढली. हाताला लागलेला रंग कधी पुरता गेलाच नाही. साबण, लिंबू, राख, सगळं करून झालं, पण नखांच्या कडेला पिवळट रेघ राहायचीच. डाव्या भुवईच्या वर एक खोक होती, लहानपणी चिंचेवरून पडल्याची. २००९ मध्ये मी मागल्या दारी त्यांचा एक फोटो काढला होता. हनुवटीवर हात ठेवून बसले होते, पेपरातून मान वर करून माझ्याकडे बघत. फोटो काही ग्रेट नव्हता. संध्याकाळचा उजेड, दाणे आलेले, एक गाल अंधारात.

तेराव्याला भिंतीवर लावायला मुलाने तोच फोटो एका स्टुडिओत दिला. दुसऱ्या दिवशी फ्रेम होऊन आली. सगळे म्हणाले, "काय छान आलाय!" मी बघत राहिले. खोक नाही. गालावरचे काळे डाग नाहीत. त्वचा एखाद्या साबणाच्या जाहिरातीतली. नखं गुलाबी. तीस वर्षांची नोकरी पुसून टाकलेली! डोळेसुद्धा त्यांचे नव्हते. मूळ फोटोत डोळ्यांत दाणे होते म्हणून यंत्राने तिथे कुणाचे तरी स्वच्छ डोळे भरले होते.

मी सुनेला म्हटलं, हे कोण आहेत? ती घाबरली. तिला वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलं. "आई, बाबाच आहेत ना." स्टुडिओतल्या मुलाला विचारलं तर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मावशी, मी काहीच केलं नाही. सॉफ्टवेअर आपोआप करतं." ऑटो! पुन्हा तोच शब्द. त्या पोराचा दोष नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं की काय बदललं. माझ्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही कळलं नाही, आणि कळलं त्यांनी 'छान' म्हटलं.

आज ज्याच्या हातात फोन आहे त्याचा प्रत्येक फोटो थोड्याफार फरकाने याच रस्त्याने जातो. बटण एकदा दाबलं तरी फोन एकामागोमाग अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो, अंधार उजळतो, आणि कितीतरी फोन न विचारता चेहरा गुळगुळीत करतात. २०२३ साली तर जगभर वाद झाला. एका माणसाने चंद्राचा फोटो मुद्दाम पुसट केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि एका महागड्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात चंद्रावरचे खड्डे काढून दिले! जे समोर नव्हतंच ते. चंद्राचं ठीक आहे, तो कुणाचा नवरा नाही.

यावर माझ्या मुलाने एक चांगला मुद्दा काढला, तो इथे न लिहिणं अप्रामाणिकपणा होईल. तो इंजिनिअर आहे. म्हणाला, "आई, तुझा कॅमेरा तरी कुठे खरं सांगतो? सेन्सरला रंग कळतच नाहीत." बरोबर आहे. चकती रंगांधळी असते, तिला फक्त कमी-जास्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर रंगीत काच बसवतात. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांचं हे पेटंट १९७६ चं. ज्या ठिपक्यावर हिरवी काच आहे त्याला फक्त हिरवा मोजता येतो, लाल आणि निळा शेजाऱ्यांना विचारून ठरवतात. म्हणजे माझ्या फोटोतले दोन तृतीयांश रंग अंदाजाचेच! "मग तू कुठल्या खऱ्याच्या गोष्टी करतेस?"

दोन दिवस विचार केला. मग उत्तर सापडलं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. माझा कॅमेरा अंदाज करतो तो शेजारच्या ठिपक्यावरून. त्या शेजाऱ्यावरही त्याच क्षणी त्याच माणसाच्या गालावरून आलेला उजेड पडलेला आहे. अंदाज चुकेल, पण साक्षीदार जागेवर हजर होता. स्टुडिओच्या सॉफ्टवेअरने अंदाज केला तो लाखो परक्या चेहऱ्यांवरून. त्यातला एकही साक्षीदार २००९ च्या त्या संध्याकाळी आमच्या मागल्या दारी नव्हता. पहिली गोष्ट ऐकून लिहिणं, दुसरी रचून लिहिणं. मी जन्मभर इतिहास शिकवला आहे. साधनांत खाडाखोड असते, गाळलेल्या जागा असतात. त्या शेजारच्या ओळीवरून लावायच्या असतात. दुसऱ्याच्या बखरीतला परिच्छेद चिकटवायचा नसतो.

कुणी म्हणेल, पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचेच की. घालवायचे. पण ते एक माणूस करत होता, आपण सांगितलं तर करत होता, आणि त्याला माहीत होतं आपण काय घालवलं ते. आज करणाऱ्यालाही माहीत नाही आणि बघणाऱ्यालाही.

आणि 'गाडी चालवायला इंजिन कशाला कळायला हवं' हा नेहमीचा युक्तिवाद. इंजिन नको कळू दे, ब्रेक कुठे आहे ते तरी कळायला हवं की नाही? मी कुणाला सेन्सर बनवायला सांगत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये चेहरा गुळगुळीत करण्याचं बटण असलं तर ते कुठे आहे आणि ते बंद कसं करायचं, एवढं प्रत्येक मुलाला माहीत असावं, एवढंच. आणि हेही कबूल करते की रात्रीच्या उजेडात फोन माझ्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला फोटो काढतो. वाट्या पुनःपुन्हा भरून बेरीज करणं ही हुशारीच आहे. बेरजेला माझा विरोध नाही, बाहेरून पाणी आणून ओतण्याला आहे.

आपल्याकडे हे शिकवायची परंपरा नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग होता आणि हरिचंद चिंतामण तिथे शिकून पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. तेव्हा कॅमेरा शहरात मोजक्या लोकांकडे होता आणि वर्ग होता. आज सरावलीतल्या भाजीवाल्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि वर्ग कुठेच नाही! आणखी एक गंमत. ज्या १९६९ साली आमच्या शेजारी तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली, त्याच साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधून काढली, माझ्या कॅमेऱ्यातल्या चकतीची मूळ आजी. त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. अणुभट्टीबद्दल इथलं शाळकरी पोरगंही दोन वाक्यं सांगतं. रोज हातात असलेल्या वस्तूबद्दल एकही नाही.

आणि शिकवायला काय लागतं हो? २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी ग्रहण होतं. दक्षिणेत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. आंब्याच्या झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेले कवडसे त्या दिवशी गोल नव्हते, चंद्रकोरीसारखे होते. गल्लीतली पोरं गोळा करून दाखवलं. प्रत्येक फट म्हणजे एक कॅमेरा, जमिनीवर सूर्याचा फोटो काढणारा. बिनभिंगाचा, बिनसेलचा. पोरं वेडी झाली होती. त्या दहा मिनिटांत त्यांना जे कळलं ते कुठल्याही 'ऑटो'ने त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घराघरांत हे जुने छोटे कॅमेरे कपाटांत पडून आहेत. फॅशन म्हणून का होईना, बाहेर निघत आहेत तर निघू देत. शाळांनी चार गोळा करावेत. त्यांत लपवाछपवी कमी आहे. उजेड कमी पडला तर दाणे दिसतात, हात हलला तर चित्र हलतं, झूम ताणला तर फाटतं. चूक उघड दिसते, म्हणून शिकता येतं. वहीत चुकलेलं गणित दिसलंच नाही तर बाई तपासणार काय?

भिंतीवरची ती फ्रेम मी उतरवली. मूळ फोटो पेन ड्राइव्हवर होता. "काहीही सुधारू नका, जसा आहे तसा छापा" असं कागदावर लिहून दिलं आणि छापून होईपर्यंत समोर बसून राहिले. आता तोच लावला आहे. दाणे आहेत, एक गाल अंधारात आहे, खोक आहे, नखांची पिवळी रेघ आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "जरा चांगला नव्हता का दुसरा?" मी म्हणते, नव्हता.

नातीला दिवाळीत कॅमेरा देणार आहे. अट एकच, ऑटो न लावता पहिले पन्नास फोटो. ती "हो" म्हणाली आहे. बघू. असो, आज फार लांबलं. गणितात चूकभूल असेल तर जरूर दाखवा, बी.ए. मराठी आहे!